नेसायचा किल्ट, घालायचा किल्ट

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघालं की हुणसूरनंतर पिरियापट्टण लागतं. आजूबाजूला तंबाखूची शेतं. पर्यटकांच्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. आपण थांबू या, आणि तेही स्कॉटलंडच्या किल्टसाठी.

६ मार्च १७९९. पिरियापट्टणजवळ, कोडगूच्या सीमेवर सिद्धेश्वर नावाची टेकडी आहे. इंग्रजी कागदांत ती ‘सीडासीर’ झाली. टिपू सुलतानाने तिथे मुंबईहून आलेल्या फौजेवर हल्ला केला. आघाडीवर मुंबई इलाख्याच्या तीन देशी पलटणी होत्या, आणि या पलटणींत कोकणातले, देशावरचे बरेच शिपाई असत. कित्येक तास त्यांनी मोर्चा धरून ठेवला. मग जनरल स्टुअर्ट मदत घेऊन पोचला. त्या मदतीत ७५व्या हायलँड पलटणीच्या तुकड्या होत्या. टिपू मागे फिरला. दोन महिन्यांनी, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टण पडलं.

पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्या पलटणींना ‘सीडासीर’ हा युद्धसन्मान मिळाला होता. स्वातंत्र्यानंतर, आपल्याच लोकांविरुद्धच्या लढाईचा म्हणून, तो मिरवायचा नाही असं ठरलं. मला ते योग्यच वाटतं. पण त्यामुळे ही लढाई आपल्याकडे जवळपास विसरली गेली, हेही खरं.

आता ही ७५वी पलटण. १७८७ मध्ये ती हिंदुस्थानात पाठवण्यासाठीच उभी केली. उभी करणारा रॉबर्ट ॲबरक्रोम्बी. हायलँड पलटण म्हणून किल्ट हा तिचा मंजूर पोशाख होता. आणि गंमत बघा, त्याच्या फक्त पाच वर्षं आधीपर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात साध्या माणसाने किल्ट घालणं हा गुन्हा होता.

१७४५ मध्ये हायलँडच्या लोकांनी लंडनच्या राजाविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर १७४६ मध्ये कायदा झाला : पुरुषांनी आणि मुलांनी डोंगरी पोशाख करायचा नाही. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार. सूट कोणाला? राजाच्या सैन्यात असलेल्यांना. म्हणजे आजोबांचा पोशाख करायचा असेल तर आजोबांना हरवणाऱ्या राजाची चाकरी करा! १७८२ मध्ये कायदा रद्द झाला, पण तोवर गावात ती सवय मोडली होती. किल्ट टिकला तो मुख्यतः छावणीत.

तो मुळात होता कसा, हे मराठी माणसाला सांगायला फार सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘नेसणं’ आणि ‘घालणं’ अशी दोन क्रियापदं आहेत. जुना किल्ट नेसायचा. पाचेक वारांचं लोकरी कापड जमिनीवर अंथरायचं, निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर. रात्री तेच पांघरूण. आपल्या धनगराची घोंगडी आणि धोतर एकाच कापडात आलं म्हणा ना. आजचा शिवलेल्या चुण्यांचा, नुसता कमरेखालचा किल्ट हा घालायचा. तो १७२०च्या दशकात थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांसाठी आटोपशीर केला, असं सांगतात. स्कॉटिश अभिमान्यांना हे मुळीच रुचत नाही.

तीच गोष्ट रंगीत चौकडीची, म्हणजे टार्टनची. चौकडी जुनी, पण ‘या घराण्याची ही चौकडी’ हा नियम बराचसा एकोणिसाव्या शतकातला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा समारंभ आखला, आणि ज्याला त्याला आपल्या घराण्याची चौकडी हवीशी झाली. १८४२ मध्ये दोन भावांनी ‘प्राचीन हस्तलिखित’ म्हणून चौकड्यांचा एक ग्रंथच छापला. तो बनावट होता. पण त्यातल्या चौकड्या लोक आजही घालतात.

म्हणून कोणी साध्या एकरंगी ट्वीडचा किल्ट घातला की ‘हा काही खरा नव्हे’ असं म्हणणाऱ्यांची मला मौज वाटते. ट्वीड हे नाव नवं. ‘ट्वील’ म्हणजे तिरक्या विणीचं कापड, ते लंडनच्या कोणा कारकुनाने चुकीचं वाचलं, अशी कथा आहे. कापड मात्र जुनंच. काळ्या आणि पांढऱ्या मेंढीची लोकर न रंगवता मिसळून विणलेलं राखाडी जाडंभरडं कापड, ‘हॉडन ग्रे’, हा गरीब शेतकऱ्याचा पोशाख होता. काळीपांढरी लोकर मिसळलेली घोंगडी आपल्याकडेही विणतात, तशातलंच.

१८५९ मध्ये लंडनमधल्या स्कॉट लोकांनी ‘लंडन स्कॉटिश’ ही स्वयंसेवक पलटण काढली. लॉर्ड एल्को तिचा प्रमुख. चौकडी कोणाची घ्यायची? एका घराण्याची घेतली तर दुसरं रुसणार. एल्कोने हॉडन ग्रे निवडलं. हरणामागे जाणारा शिकारी डोंगरात न दिसणारा रंग निवडतो, मग सैनिकाने का निवडू नये, हा त्याचा दुसरा मुद्दा. शिकारी ट्वीड त्याच हिशेबाने निघाले होते : ज्या डोंगरावर फिरायचं, त्या डोंगराचा रंग.

आणि पिरियापट्टणची ती ७५वी? १८०९ मध्ये तिचा किल्ट काढून घेतला. कारण भरतीचं. डोंगरी पोरं पुरेनात, आणि इंग्रज पोरांना तो पोशाख नको होता. बहात्तर वर्षांनी, १८८१ मध्ये, ती ९२व्या पलटणीत मिसळून गॉर्डन हायलँडर्सची पहिली बटालियन झाली आणि किल्ट परत आला. चौकडी अर्थात ९२व्याची. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅगर्सफाँटेनला बोअर बंदुकांसमोर ही बटालियन होती. तोवर चौकडी लांबून दिसू नये म्हणून किल्टवर खाकी फडकं बांधायची पद्धत आली होती. फडकं फक्त पुढून. हायलँडचे सैनिक दिवसभर उघड्या माळावर पालथे पडून राहिले, आणि उन्हाने त्यांच्या पोटऱ्यांवर फोड आले.