मनूच्या नावेचा दोर

शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडातील जलप्रलयाची कथा भिवंडीत वाचावी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची सुरुवातीची जहाजे इथल्याच खाडीत बांधली गेली. खाली कथेतला एकेक टप्पा माझ्या शब्दांत देऊन त्यावर भाष्य केले आहे.

१. एक मासा मनूला नाव तयार ठेवायला सांगतो.
आकार नाही, माप नाही. इतर प्रलयकथांत मात्र मापेच मापे. गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीतले तारू चौकोनी ठोकळा आहे, प्रत्येक बाजू १२० हात. एकसारख्या वजनाचा असा ठोकळा निम्मा बुडाला की सरळ राहत नाही, कलंडतो. बायबलमधले तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. या प्रमाणाची पेटी बऱ्यापैकी स्थिर तरंगेल, पण तिला ना शीड, ना सुकाणू. अभ्यासक आयर्विंग फिंकेल यांनी वाचलेल्या बाबिलोनी पाटीत तारू गोल आहे. त्याची छोटी प्रतिकृती केरळात बांधली. ती तरंगली, पण पाणी आत येत राहिले.

२. पूर चढतो, मनू नावेत चढतो.
इथे सांगण्यासारखे फार नाही.

३. नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतात; मासा तिला उत्तरेच्या पर्वताकडे नेतो.
लाट बगलेवर आली तर नाव उलटते. पुढून ओढली जाणारी नाव नाळेने लाटेला सामोरी जाते. आकाराची अर्धी उणीव दोर भरून काढतो.

४. नाव झाडाला बांध, पण पर्वतावर असताना पाणी तुला तोडून जाऊ देऊ नकोस. ते ओसरेल तसतसा खाली उतर.
कथेचे मर्म हेच. भिवंडीची कामवारी नदी जिथे खाडीला मिळते तिथे भरती-ओहोटी चालते. अशा पाण्यात नाव आखूड दोराने बांधली तर ओहोटीला ती दोरावर लटकते, एका अंगावर कलते आणि पुढच्या भरतीत पाणी भरून बुडते. फार वर बांधून ठेवली तर कोरड्यावर अडकते. म्हणून जाणता तांडेल बांधून मोकळा होत नाही. पाण्याबरोबर दोर सैल सोडत राहतो. मनूलाही नेमके हेच सांगितले आहे. ज्याने ही सूचना रचली त्याने पाणी उतरताना नावेचे काय होते ते पाहिले असावे, असे मला ठामपणे वाटते.

५. पर्वताच्या त्या उताराला मनूच्या उतरण्याचे नाव मिळाले.
तारवाची मापे देणाऱ्या कथांत सुतारकाम आहे. नाव चालवण्याची जाण मला शतपथात अधिक दिसते.