निरोप आपोआप, पण यादी कोणाची?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. सोयाबीन, कापूस आणि हळद ही या भागातली नेहमीची पिके. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे एका परिचितांकडे उतरलो होतो. सकाळी चहा घेताना त्यांनी आपला मोबाइल आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, "सर, यातला कामाचा निरोप कोणता, तेवढं सांगा." पडद्यावर न वाचलेल्या निरोपांची रांग होती. कोणी कर्ज देऊ करत होते, कोणी रिचार्जची आठवण करून देत होते, कोणी बक्षिसाचे आमिष दाखवत होते. त्या गर्दीत तीन दिवसांपूर्वी आलेला हवामानाचा सल्लाही होता: पाऊस येणार आहे, फवारणी पुढे ढकला. फवारणी मात्र आदल्या दिवशीच होऊन गेली होती आणि औषध पावसात वाहून गेले होते.

यंत्राने आपले काम चोख केले होते, तरीही निरोप पोहोचला नव्हता. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायचे तर आपोआप जाणाऱ्या निरोपांचा इतिहास पाहावा लागेल. एखाद्या कंपनीने आपल्या उत्पादनात बदल केला की त्याची खबर ई-मेलने ग्राहकांना जाते. हवामानाचा सल्लाही त्याच तत्त्वावर जातो.

निरोप देण्याच्या दोन जुन्या रीती आपल्याला ठाऊक आहेत. एक दवंडी. ती साऱ्या गावाला ऐकू जाते, कोणाला ती हवी आहे हे विचारले जात नाही. दुसरी रीत मासिकाची. वर्गणीदार स्वतः पैसे व पत्ता पाठवतो, त्याचे नाव वहीत चढते आणि वर्गणी संपली की ते कमी होते. वर्गणीदाराने स्वतः मागितले म्हणून अंक त्याच्या घरी जातो. ई-मेलच्या इतिहासात या दोन्ही रीती आढळतात, आणि पहिली आली ती दवंडी.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखवले. त्यानंतर सात वर्षांनी, मे १९७८ मध्ये, अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे गॅरी थर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकच पत्र पाठवले. कंपनीच्या नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक पाहायला या, असे त्यात निमंत्रण होते. पत्ते छापील निर्देशिकेतून घेऊन हाताने टंकलेले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात. उरलेले पत्ते सरळ पत्राच्या मजकुरात शिरले आणि त्या लोकांना पत्र मिळालेच नाही. ज्यांना मिळाले त्यांतील अनेक जण संतापले. जाळे संशोधनासाठी होते, जाहिरातीसाठी नव्हते. उत्पादनाची खबर ई-मेलने घाऊक पाठवण्याचा हा पहिला ठळक प्रसंग. तो नको असलेल्या पत्रांचाही पहिला प्रसंग मानला जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरी रीत विद्यापीठांतून आली. बिटनेट या जाळ्यावर विषयवार याद्या होत्या, पण नाव घालणे आणि काढणे हे काम माणसे हाताने करीत. १९८६ मध्ये पॅरिसमधील एरिक तोमा या विद्यार्थ्याने लिस्टसर्व्ह नावाची आज्ञावली नव्याने लिहिली. वाचकाने ठरावीक शब्दांची एक ओळ पाठवली की त्याचे नाव आपोआप यादीत चढे. तशीच दुसरी ओळ पाठवली की ते उतरे. आमच्या मते या इतिहासातला खरा शोध हाच. पत्र पाठवणे तर आधीच जमले होते. आता यादीचे दार वाचकाच्या हाती आले.

अशा याद्यांचे मोल लवकरच कळले. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आज्ञावलीने जाळ्यावरील हजारो संगणक बंद पाडले. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे केंद्र उभे राहिले. कोणत्या आज्ञावलीत कोणता दोष सापडला आणि तो कसा दुरुस्त करावा, याची सूचना ते ई-मेलने देऊ लागले. उत्पादनातील बदलाची खबर ही केवळ जाहिरात नसते. कधी तिच्यावर साऱ्या जाळ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबई ही त्यातील आरंभीच्या संस्थांपैकी. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा दिली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे १६ जुलै २०१३ रोजी केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी एमकिसान ही सेवा सुरू केली. मोबाइलवरून सल्ला पाठवणाऱ्या या सेवेची मांडणी वर्गणीदाराच्या रीतीची होती: शेतकऱ्याने नाव नोंदवावे, आपली पिके व विषय सांगावेत आणि त्यानुसार सल्ला मिळावा.

आता यंत्र काय करते ते पाहू. त्याच्याजवळ चार गोष्टी लागतात. पहिली, निमित्त: आज्ञावली ठरावीक वेळाने नोंदवही तपासते आणि कालची नोंद व आजची नोंद यांत फरक दिसला की कामाला लागते. दुसरी, साचा: मजकूर तोच, फक्त नाव व तपशील रिकाम्या जागी भरायचे. तिसरी, यादी. चौथी, पोच. पत्र घेणारा संगणक तीन अंकी उत्तर देतो. हा नियम १९८२ पासूनचा आहे. पहिला अंक २ असेल तर पत्र स्वीकारले, ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. ५ असेल तर पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, पत्ता बहुधा चुकला आहे. नीट लिहिलेली आज्ञावली असे पत्ते यादीतून काढते. निष्काळजीपणे लिहिलेली वर्षानुवर्षे दार ठोठावत राहते.

या यंत्राला शहाणपण नसते याचा अनुभव आम्ही घेतला आहे. एका प्रयोगशाळेत आम्ही रजेवर जाताना "आम्ही बाहेरगावी आहोत" असे उत्तर आपोआप जाईल अशी सोय केली. एका सूचना-यंत्राकडून पत्र आले, त्याला आमचे उत्तर गेले, त्या यंत्राने "तुमचे पत्र मिळाले" असे कळवले, त्यालाही आमचे उत्तर गेले. परतलो तेव्हा पेटी भरून वाहत होती. दोन बहिऱ्या यंत्रांचा संवाद! अशी पत्रे यंत्राने लिहिली आहेत अशी खूण त्यांवर असावी, म्हणजे दुसऱ्या यंत्राने त्यांना उत्तर देऊ नये, असा संकेत २००४ मध्ये लिखित स्वरूपात आला.

बाहेर पडण्याचे दारही असेच सावकाश रुंद होत गेले. नाव कमी करण्याचा पत्ता प्रत्येक पत्राच्या शीर्षभागात देण्याची पद्धत १९९८ मध्ये ठरली, आणि एका टिचकीत नाव कमी होण्याची पद्धत २०१७ मध्ये. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांवर गूगल आणि याहू यांनी ती सक्तीची केली २०२४ मध्ये. म्हणजे १९८६ मध्ये एका विद्यार्थ्याने दिलेली सोय सर्वांना मिळायला जवळजवळ चार दशके लागली. भारतात नको असलेल्या व्यापारी कॉल व निरोपांविरुद्ध १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते.

पुन्हा हट्ट्याकडे वळू. आमच्या परिचितांच्या मोबाइलमध्ये दवंडी आणि वर्गणीचा अंक एकाच पेटीत येत होते. दवंड्यांचा गोंगाट एवढा की त्यांनी निरोप वाचणेच सोडले होते. आपोआप निरोप पाठवणे स्वस्त झाले, पण माणसाचे लक्ष स्वस्त झाले नाही. नको असलेला प्रत्येक निरोप हव्या असलेल्या निरोपाचा विश्वास थोडा थोडा खातो, आणि त्याची किंमत फवारणीच्या दिवशी मोजावी लागते. त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून १९०९ वर नोंद केली आणि सल्ल्याच्या क्रमांकाला वेगळे नाव दिले.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून पाहावा. शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोजच्या पावसाचा आकडा गावात कोणाला हवा आहे, ते मुलांनी विचारून यावे. जे हो म्हणतील त्यांचीच नावे वहीत घ्यावीत. महिनाभर चिठ्ठी पोहोचवावी, "आता नको" म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी खोडावे आणि महिन्याच्या शेवटी चिठ्ठी कितीजणांनी खरोखर वाचली ते मोजावे. मग हीच यादी न विचारता साऱ्या गावाची केली असती तर काय झाले असते, यावर मुलांना बोलते करावे.