सुरत रिकामी झाली तेव्हा

१९९४ च्या सप्टेंबरात चार-पाच दिवसांच्या आत सुरतेतून लाखो माणसं निघून गेली. किती लाख, यावर आजही एकमत नाही. तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. कमीत कमी आकडा धरला तरी पाचातला एक माणूस घराला कुलूप घालून निघाला होता. गाड्या, एसटी, ट्रक, रिक्षा, मिळेल ते वाहन लोकांनी धरलं. तोंडाला रुमाल, खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणि काखोटीला पोर, अशी ती गर्दी होती.

कारण होतं फुप्फुसांचा प्लेग. भारतात माणसाला प्लेग झाल्याची शेवटची पक्की नोंद १९६६ मधली, कर्नाटकातली. त्यानंतर हा रोग वैद्यकाच्या पुस्तकात उरला होता. तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी प्लेगचा रोगी कधी पाहिलेलाच नव्हता.

त्या पळापळीला तेव्हा सरकारी निवेदनांत आणि पुष्कळशा वर्तमानपत्रांत ‘घबराट’ म्हटलं गेलं. लोक अफवांना बळी पडले, असं सांगितलं गेलं. तीस वर्षांनी त्या दिवसांकडे पाहताना हे वर्णन अपुरं आणि अन्यायाचं वाटतं. फुप्फुसांच्या प्लेगात लक्षणं दिसल्यापासून पहिल्या चोवीस तासांत औषध मिळालं नाही तर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं. शेजारच्या खोलीतला धडधाकट जवान दोन दिवसांत रक्त ओकून गेला, गल्लीतल्या दवाखान्याला कुलूप लागलं, औषधांच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या आणि महापालिकेचा माणूस फिरकला नाही, तर गाव गाठणं हा शहाणपणाचाच निर्णय होता. ज्या व्यवस्थेने विश्वास द्यायचा तिच्यावर लोकांचा विश्वास नव्हता, आणि तो नसण्याला सबळ कारणं होती.

त्यातलं पहिलं कारण रस्त्यावर पडलेलं होतं. त्या वर्षी पावसाळा जोराचा झाला. उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापी फुगली आणि काठाच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरलं तेव्हा मागे चिखल राहिला, कचरा राहिला, मेलेली जनावरं राहिली. वेड रोड आणि कतारगाम या भागांत हिरे घासणारे आणि यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार दाटीवाटीने राहत. एका खोलीत आठ-दहा जण, कारखान्याच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. हिरे आणि कापड या दोन धंद्यांनी सुरतेत पैसा ओतला होता, पण गटारं आणि कचऱ्याच्या गाड्या त्या वेगाने वाढल्या नव्हत्या. शहराच्या मोठ्या भागाला भुयारी गटार नव्हतं. सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीज या संस्थेतले समाजशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांनी पुढे या साथीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी प्लेग आणि शहराची वाढ हे एकाच प्रश्नाचे दोन भाग म्हणून मांडले.

दुसरं कारण दवाखान्यांत होतं. १९ ते २१ सप्टेंबरच्या दरम्यान तरुण, कष्टकरी रोगी तापाने आणि खोकल्याने फणफणत येऊ लागले आणि काही तासांत दगावू लागले. सुरुवातीला न्यूमोनिया, मलेरिया असे अंदाज झाले. प्लेगचा संशय बोलला जाताच शहरातले पुष्कळसे खासगी डॉक्टर दवाखाने बंद करून निघून गेले. ही गोष्ट सुरतकर आजही विसरलेले नाहीत. भार पडला तो न्यू सिव्हिल हॉस्पिटलवर. तिथले निवासी डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार जागेवर राहिले, आणि साथ आटोक्यात आली त्याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. पण त्याच हॉस्पिटलातून रोगीही पळत होते. त्यांना अडवण्यासाठी दाराशी रॅपिड ॲक्शन फोर्सचे जवान उभे करावे लागले. रोग्याला हॉस्पिटलात ठेवण्यासाठी बंदूकधारी लागतो, तेव्हा सरकार आणि माणसं यांच्यातलं काहीतरी आधीच तुटलेलं असतं.

मराठी वाचकाला इथे पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. १८९६ मध्ये प्लेग मुंबईला आला. पुढच्या वर्षी सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेगचा कारभार गेला. गोरे शिपाई घरांत, देवघरांत, स्वयंपाकघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यातली तक्रार सरकारच्या अतिरेकाची होती. सुरतेत सरकार दिसतच नाही, ही तक्रार होती. दोन्ही शहरांत माणसाला आजार लपवावासा वाटला.

सुरतेच्या साथीची एक बाजू थेट महाराष्ट्राशी जोडलेली आहे आणि ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि महिनाअखेरीस गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. हादऱ्यांच्या भीतीने लोक घराबाहेर, पालांत झोपत होते. घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले आणि रानातल्या उंदरांचा रोग गावातल्या उंदरांपर्यंत पोचला, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. बीडची बातमी सप्टेंबरात देशभर गेली आणि त्याच महिन्यात सुरत पेटली. लगेच एक गोष्ट तयार झाली: गणपतीला गावी गेलेल्या मराठी कामगारांनी बीडहून प्लेग सुरतेत आणला.

ही गोष्ट सिद्ध झाली नाही. बीडमध्ये गाठीचा प्लेग, सुरतेत फुप्फुसांचा. बीडचा रोगी सुरतेत येऊन पोचला आणि त्याच्यापासून साखळी सुरू झाली, असा ठोस धागा कुणाला दाखवता आला नाही. शक्यता नाकारता येत नाही, इतकंच म्हणता येतं. पण तोवर बोट रोखलं गेलं होतं. सुरतेतला मराठी माणूस बहुतांशी खानदेशातला. १९०० मध्ये ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारची माणसं सुरतेला जोडली गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आजही रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. साथ आली तेव्हा हीच माणसं ओडिया आणि उत्तर प्रदेशी कामगारांच्या बरोबरीने सर्वांत वाईट खोल्यांत राहत होती, आणि साथ ‘आणल्याचा’ ठपकाही बाहेरगावच्या कामगारांवरच आला. गावी परतल्यावर तिथेही त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. मुंबईत सुरतेहून येणाऱ्या गाड्यांतले प्रवासी तपासले जाऊ लागले आणि संशयितांना कस्तुरबा रुग्णालयात ठेवलं गेलं.

यानंतर जो वाद पेटला तो रोगाच्या नावाचा होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला. हा प्लेगच नव्हे, असं म्हणणारे काही कमी अधिकाराचे लोक नव्हते. त्यांचं म्हणणं असं की, फुप्फुसांचा प्लेग खोकल्यातून झपाट्याने पसरतो, मग एकाच घरातली अनेक माणसं का पडली नाहीत? रोग्यांजवळ राहिलेले डॉक्टर आणि परिचारिका कशा वाचल्या? सुरतेतले मृत्यू पन्नासच्या आसपासच कसे राहिले? प्रयोगशाळेत जंतू वेळेवर वाढवून दाखवता आला नाही, हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा होता. कुणी हंताव्हायरसचं नाव घेतलं, कुणी मेलिऑइडोसिसचं.

दुसऱ्या बाजूने उत्तर असं की, पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर टेट्रासायक्लिन प्रचंड प्रमाणात वाटलं गेलं. ते प्लेगवर चालतं आणि म्हणूनच साखळी तुटली. औषध घेतलेल्या रोग्याच्या थुंकीत जंतू सापडणं अवघड, ही तर साधी गोष्ट. केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने प्लेगचाच निष्कर्ष काढला. त्यावरही शंका घेतल्या गेल्याच. पुढे २००० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतले जंतू जनुकीय पद्धतीने तपासून ते येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचेच, असल्याचं प्रसिद्ध केलं. सहा वर्षं लागली. एवढ्या काळात जो अविश्वास मुरला तो एका शोधनिबंधाने धुऊन निघणं शक्य नव्हतं.

या वादात दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही एक गोष्ट खटकते. रोगाचं नाव काय, यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी पहिल्या तीन दिवसांत लोकांना कुणी, कधी, काय सांगितलं यावर झाली नाही. देशभरात ५ ऑक्टोबरपर्यंत ५,१५० संशयित रोगी नोंदले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, २,७९३, महाराष्ट्रातले होते. प्रत्यक्षात दगावलेले रोगी मात्र मुख्यतः सुरतेतले. ‘संशयित’ या शब्दात साधा ताप-खोकलाही बसत होता. पण संशयित म्हणजे काय आणि पक्का रोगी म्हणजे काय, हा फरक समजावून सांगणारा अधिकारी रोज सकाळी लोकांसमोर उभा राहिला असता तर पुष्कळ काही वाचलं असतं. अफवेला जागा मिळते ती माहितीच्या पोकळीत.

ही पोकळी सुरतेपुरती राहिली नाही. आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली, माल अडवला. परदेशी पर्यटकांनी आरक्षणं रद्द केली. देशाचं नुकसान सुमारे १.७ अब्ज डॉलर झालं, असा अंदाज पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी नाकाजिमा ऑक्टोबरात स्वतः भारतात आले. त्या काळचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १९६९ चे होते. प्लेग, कॉलरा आणि पीतज्वर एवढेच रोग कळवण्याचं बंधन, आणि कळवणाऱ्या देशावर इतरांनी मनमानी निर्बंध घातले तर त्यावर इलाज नाही. रोग उघड सांगितला तर धंदा बुडतो, हा धडा प्रत्येक सरकारने यातून घेतला असता. १९९५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने हे नियम बदलण्याचा ठराव केला, त्यामागे सुरतेचा अनुभव ठळक होता. नवे नियम यायला मात्र २००५ साल उजाडलं.

सुरतेत बदल लवकर आला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहर सहा विभागांत वाटलं आणि विभागीय अधिकाऱ्यांना आयुक्तांचे बरेच अधिकार देऊन टाकले, म्हणजे फाइल वर पाठवून वाट पाहण्याची सबब राहिली नाही. सकाळचा वेळ अधिकाऱ्यांनी रस्त्यावर काढायचा, दुपारी एकत्र बसून हिशेब द्यायचा. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, अशा अर्थाची ‘एसी टू डीसी’ ही त्यांची घोषणा गाजली. रात्री झाडलोट सुरू झाली, अस्वच्छ हॉटेलांना दंड झाले, बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला आणि त्यात वजनदार माणसांची बांधकामंही होती. त्यामुळेच सामान्य माणूस महापालिकेच्या मागे उभा राहिला. दोन वर्षांच्या आत इंटॅक या संस्थेने सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं, पहिलं चंदीगड.

हे कौतुक योग्यच आहे. पण रस्ते रुंद झाले तेव्हा झोपड्याही पडल्या. साथीत सर्वाधिक सोसलेल्यांपैकीच काहींचं छप्पर गेलं. शहराने स्वच्छता मिळवली, तिचा खर्च सगळ्यांनी सारखा उचलला नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी पुन्हा सुरतेत शिरलं, आणि या वेळी शहराचा बहुतेक भाग बुडाला. १९९४ पेक्षा हा पूर कितीतरी मोठा होता. पाणी ओसरताच इतर शहरांतून सफाई कामगार आणि यंत्रं आणून चिखल उपसला गेला, औषधं फवारली गेली, वैद्यकीय पथकं घरोघर फिरली, आणि १९९४ सारखी साथ आली नाही. त्याआधी, फेब्रुवारी २००२ मध्ये, हिमाचल प्रदेशात शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटी गावात फुप्फुसांचा प्लेग निघाला. १६ रोगी, ४ मृत्यू. या वेळी प्रयोगशाळेने निदान लवकर केलं, नाव लवकर जाहीर झालं आणि गावं रिकामी झाली नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये राज्य सरकारांनी कोरोनासाठी जो कायदा बाहेर काढला तो रँडच्या काळातलाच, १८९७ चा. एप्रिलमध्ये सुरतेत यंत्रमाग कामगार रस्त्यावर उतरले. त्यांतले पुष्कळ ओडिया होते. मजुरी थांबली होती, खाणावळी बंद होत्या आणि गाड्याही बंद होत्या. १९९४ मध्ये त्यांच्या आधीची पिढी निदान स्टेशनावर जाऊन गाडी धरू शकली होती. या वेळी तीही वाट उरली नव्हती, आणि त्यांची मागणी एवढीच होती की आम्हाला घरी जाऊ द्या.