रंगांनी सांधलेले शहर: डेबोरा ससमन आणि लॉस एंजेलिस १९८४

अक्षरे, रंग, पाट्या आणि दिशादर्शक खुणा यांच्या साहाय्याने एखाद्या इमारतीला किंवा सबंध परिसराला ओळख देणे आणि तेथे वावरणाऱ्याला वाट दाखवणे, या कामास एन्व्हायर्नमेंटल ग्राफिक डिझाइन, म्हणजे परिसर-आलेखन, असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकारास आला, तेव्हा त्याचा पाया घालणाऱ्यांत डेबोरा ससमन (१९३१–२०१४) अग्रभागी होत्या.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या ससमन यांनी बार्ड कॉलेजात चित्रकला व अभिनय यांचे आणि पुढे शिकागोत डिझाइनचे शिक्षण घेतले, आणि १९५३ मध्ये त्या डिझाइनर चार्ल्स व रे ईम्स यांच्या लॉस एंजेलिस येथील कार्यालयात दाखल झाल्या. या दांपत्याला लोककलेची, खेळण्यांची आणि मेक्सिकोच्या सणांची जी ओढ होती, ती ससमन यांच्यातही खोल रुजली. तर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जर्मनीतील उल्म येथे शिकताना त्यांना रचनेच्या काटेकोर शिस्तीचा परिचय झाला. ईम्स कार्यालयाने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसह उभारलेल्या, १९६५ च्या नेहरूंवरील प्रदर्शनाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. १९६८ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि १९८० मध्ये पती पॉल प्रेझा यांच्यासह ससमन-प्रेझा ही संस्था स्थापन केली.

त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी १९८४ च्या ऑलिंपिकने पाहिली. १९७६ च्या स्पर्धांनी माँट्रियल कर्जात बुडाल्याचे ताजे उदाहरण समोर असल्यामुळे लॉस एंजेलिसने हा खर्च करदात्यांवर टाकण्यास नकार दिला होता. परिणामी १९२३ मध्ये बांधलेल्या कोलिझियमसारखी बहुतांशी जुनीच क्रीडांगणे वापरणे भाग पडले, आणि तीही दक्षिण कॅलिफोर्नियात दूरवर विखुरलेली होती. ही ठिकाणे एकाच उत्सवाची आहेत हे प्रेक्षकाला जाणवावे कसे, हा मूळ प्रश्न होता, आणि नवी वास्तू उभारण्यास पैसा नसल्यामुळे त्याचे उत्तर रंगातच शोधावे लागले.

वास्तुविशारद जॉन जर्डी यांच्यासमवेत काम करताना ससमन यांनी अमेरिकी ध्वजाच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगसंगतीला मुख्य स्थान दिले नाही. त्याऐवजी मॅजेंटा, शेंदरी, गडद पिवळा आणि फिकट निळसर हिरवा हे रंग त्यांनी निवडले, कारण या शहराची नाळ मेक्सिकोशी आणि प्रशांत महासागराकाठच्या देशांशी जुळलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. ही निवड केवळ आकर्षक नव्हती; शहराच्या प्रत्यक्ष लोकजीवनाला तिने राष्ट्रीय प्रतीकांपेक्षा अधिक मान दिला, आणि म्हणूनच ती धाडसी ठरते. काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी साच्यासारख्या वापरल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या रंगवून त्यांचे स्तंभ केले गेले, भाड्याच्या परांच्यांपासून कमानी व मनोरे रचले गेले आणि त्यांवर कापडी पताका चढल्या. रंग, आकार आणि त्यांच्या जोडणीचे नियम आधीच ठरवून दिलेले असल्यामुळे अनेक संस्थांना वेगवेगळ्या ठिकाणी काम करूनही एकसंधता राखता आली; उल्मची शिस्त आणि मेक्सिकोचा उल्हास येथे एकत्र आला, असे म्हणता येते.

स्पर्धा संपताच हे सारे उतरवण्यात आले. ससमन यांनी पुढे वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या रस्त्यांसाठी केलेल्या दिशादर्शक पाट्यांचे स्वरूप मात्र वेगळे होते, कारण त्या वर्षानुवर्षे उभ्या राहणार होत्या आणि धावत्या मोटारीतून क्षणभरात वाचता येणे आवश्यक होते. तेथेही त्यांनी भडक रंगांचा आग्रह सोडला नाही.