रोहूचे बी कुठून आले?



तळ्यात एकाच दिवशी सोडलेली रोहूची बोटुकली वर्षाने जाळ्यात येते, तेव्हा एक मासा किलोचा भरतो आणि दुसरा जेमतेम पाव किलोचा. पाणी तेच, पेंड-कोंडाही तोच. दाटी झाली, खाद्य सगळ्यांना सारखे मिळाले नाही, हे खरेच. पण काही फरक माशाच्या रक्तातच असतो, आईबापांकडून आलेला. या रक्ताचे आपल्या देशात काय झाले ते सांगतो.

पूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचे बी नदीतच मिळे. साठलेल्या पाण्यात हे मासे आपणहून अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदी फुगली की घालतात. लोक पुराच्या पाण्यातून मत्स्यजिरे धरत आणि कलकत्त्याहून ते रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत जाई. त्यात नको ते मासेही यायचे. मात्र ते बी पुष्कळ नर-माद्यांचे असे. ही केवढी दौलत आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

१० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना तळ्यात अंडी घालायला लावले. ही ग्रंथी माशाच्या डोक्यात असते. फार मोठे काम झाले. नदीची वाट पाहणे सुटले, बीज केंद्रे उभी राहिली.

पण अडचण त्या सोयीतूनच निघाली. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांवर अंडी देते. मग केंद्रवाल्याने मोजक्या जोड्यांवर काम भागवले, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? पुढे त्याच पिलांतून नर-मादी निवडायचे, म्हणजे भावाबहिणींचीच जोडी लावायची. त्यात मोठा मासा बाजारात जातो आणि उरलेला किरकोळ मासा बीजासाठी राहतो. भरलेली कणसे विकून पोचट दाणे पेरण्यातला हा प्रकार. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल यांनी कर्नाटकातील केंद्रांचा हिशेब १९९० साली मांडला. रक्त जवळ येण्याचा वेग २ ते १७ टक्के निघाला. सख्ख्या भावंडांच्या पिलांत हा आकडा २५ असतो, यावरून काय ते समजा. रक्त असे जवळ आले की वाढ खुंटते, पिलांची मर वाढते, काही वाकडी निपजतात, रोगाला तोंड देण्याची ताकद घटते.

यावर उपाय म्हणून पुन्हा नदीकडेच जावे लागले. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथे केंद्र सरकारची गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे. तिने १९९२ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांबरोबर काम हाती घेतले. सामन माशावर असेच काम नॉर्वेत आधी झालेले होते. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती या नद्यांतला रोहू आणून तळ्यातल्या रोहूबरोबर ठेवला. प्रत्येक जोडीची पिले आधी वेगळी वाढवायची, खुणेचे बारीक यंत्र पोटात बसवण्याइतकी झाली की सगळी कुळे एकाच तळ्यात सोडायची. पाणी-खाद्य एकच, त्यामुळे कोणत्या कुळाचे रक्त जोमदार हे वजनकाट्यावर कळते. चांगल्या कुळांतून पुढचे आईबाप घ्यायचे, पण नात्यातली जोडी टाळायची. पिढीमागे सरासरी १७ टक्के वाढ मिळाली. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या रोहूचे नाव ठेवले ‘जयंती’.

पुढे रोगाचीही परीक्षा घेतली. अंगावर लाल चट्टे आणि जखमा आणणारे एरोमोनास जिवाणू टोचले, तेव्हा काही कुळांत बरीच मर झाली, काही कुळे टिकली. लवकर वाढणारे कूळ रोगात टिकेलच असे नाही, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात.

तेव्हा बोटुकली घेताना नुसता भाव विचारू नका. या बीजाचे नर-मादी किती, ते कुठून आणले, बाहेरचे नवे कधी घेतले, हे केंद्रावर विचारा. आणि शेततळ्यात जयंती चांगली पोसली म्हणून तिचेच नर-मादी बीजासाठी ठेवू नका. एका पिशवीतून आलेली पिले बहुधा सख्खी भावंडेच असतात.