बसऱ्याहून परतलेले

सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले, आणि साल 1914–1919. अपशिंगे मिलिटरीची पाटी तर सगळ्यांना ठाऊक आहे; तिथले 46 जण परत आलेच नाहीत. तोफा नोव्हेंबर 1918मध्येच थंडावल्या, मग पाटीवर 1919 कशाला, असं मी शाळेत असताना गुरुजींना विचारलं होतं. ‘तह उशिरा झाला,’ एवढंच ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तह खरंच उशिरा झाला. 28 जून 1919 रोजी, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात. हिंदुस्थानच्या नावावर तिथं दोन सह्या झाल्या. एक भारतमंत्री माँटेग्यूची, दुसरी बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांची. दहा लाखांवर माणसं या देशातून समुद्रापार गेली होती आणि त्यांच्या वतीनं कोण, तर एक इंग्रज मंत्री आणि एक संस्थानिक. पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसनं प्रतिनिधी म्हणून टिळकांचं नाव दिलं होतं. टिळक तेव्हा लंडनमध्येच होते, इंग्रज पत्रकार चिरोलवरचा बदनामीचा खटला नुकताच हरले होते. पॅरिसला जायचा परवाना त्यांना मिळाला नाही. मग मार्चमध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिलं, स्वयंनिर्णयाचं तत्त्व हिंदुस्थानलाही लावा म्हणून. परिषदेनं त्याची दखल घेतली नाही.

माझ्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला माहीत होता बसरा. तिचे वडील मराठा पलटणीत होते आणि बसऱ्याच्या पुढं टायग्रिसच्या काठी कुतला तुर्कांच्या वेढ्यात सापडले. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी तिथं कोंडल्या गेल्या होत्या. वेढा 147 दिवस चालला. रसद संपली तेव्हा घोडी मारून खायची वेळ आली. आपल्याकडचे पुष्कळ शिपाई बरेच दिवस त्या मांसाला हात लावेनात. 29 एप्रिल 1916ला शरणागती झाली आणि उरलेल्यांना वाळवंटातून हाकत नेलं. ‘आबा, तुम्ही घोडं खाल्लं का?’ असं एका नातवानं विचारलं, तेव्हा म्हातारा ताटावरून उठून गेला, असं आजी सांगायची. एरवी ताटात भाकरीचा कण राहिलेला त्यांना खपायचा नाही. बोट ओलं करून ते ताट टिपायचे, आणि पोरांनाही टिपायला लावायचे.

ते तुर्कांच्या कैदेत जगले. घरची माणसं मात्र घरातच मेली.

1918 साली पाऊस दगा देऊन गेला. ज्वारी, कापड, रॉकेल, सगळं लढाईपायी आधीच महागलेलं. त्यात जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून इन्फ्लुएंझाचा ताप शिरला आणि सप्टेंबरात तो खेडोपाडी पोचला तेव्हा त्याचं रूप पार पालटलेलं होतं. लोक त्याला मानमोडी म्हणायचे. आजी सहा-सात वर्षांची होती. ‘सकाळी आईनं जात्यावर दळण घातलं, तिसऱ्या दिवशी तिला उचलली. खांदेकरीच गावंनात,’ ती म्हणायची. मुंबई इलाख्यात या तापानं दहा लाखांहून जास्त माणसं नेली. 1921च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखातली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी घटलेली आढळली. लढाईवर मेलेल्यांची पाटी झाली. या माणसांची नोंद कोणत्याच चावडीवर नाही.

1919च्या उन्हाळ्यात पणजोबा परतले. बायको गेलेली, पोरगी चुलतीकडे वाढत असलेली. दीर्घकाळ खबर नाही म्हणून भावांनी त्यांना मेलेलं धरून जमीन वाटून घेतली होती आणि विहिरीकडची पट्टी सावकाराकडे गहाण पडली होती. हा तंटा चावडीत तीन रात्री चालला, असं आजी सांगे. पंचांनी कुऱ्हाडीवर गेलेली भांडणं मिटवण्यात नाव कमावलेलं होतं. पणजोबांचा थकलेला पगार आला होता, त्यातून सावकाराचं तोंड बंद करायचं आणि पट्टी त्यांच्याकडे, बाकी वाटणी झाली तशी, असं ठरलं. ज्या भावानं गहाणखतावर अंगठा उठवला होता, त्याच्याशी ते पुढं मरेपर्यंत बोलले नाहीत, पण त्याच्या पोरांची लग्नं त्यांनीच लावली. व्हर्सायच्या तहापेक्षा हा तह जास्त टिकला, असं मी म्हणेन.

आजीची दुसरी गोष्ट आमच्या घरात अर्धीच सांगितली जायची. गावातला एक महार तरुण 111व्या महार पलटणीत भरती झाला होता. ही पलटण 1917 साली, माणसं कमी पडू लागल्यावर उभी राहिली. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षं सरकारनं महारांची भरती बंदच ठेवली होती. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत अनेकांनी अर्ज केले, ते पडून राहिले. हा तरुण खाकी कोट घालून परतला आणि मेलेली ढोरं ओढायला त्यानं नकार दिला. ‘गावानं सांभाळून घेतलं,’ असं आजी म्हणायची. पुष्कळ वर्षांनी त्याच्या नातवाकडून ऐकलं ते वेगळं होतं. बलुतं बंद झालं, किराणा बंद झाला, दोन पावसाळे ते कुटुंब ओढ्याचं पाणी प्यालं. तेव्हा पंच तेच होते, चावडीही तीच. मला नातवाची गोष्ट खरी वाटते. आजीनं तिच्या वयात जे कानावर पडलं तेच सांगितलं असणार.

एवढं मात्र खरं की त्या दोन-तीन वर्षांत साताऱ्याकडची माणसं पहिल्यासारखी वागायला तयार नव्हती. जानेवारी 1919मध्ये मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगार संपावर गेले, त्यात आमच्याकडचे आणि कोकणातले गडी पुष्कळ होते. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरू लागले, कुळं जमीनदाराला खंड नाकारू लागली. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. डिसेंबरात सरकारनं शांततेचा उत्सव जाहीर केला. जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते आणि खिलाफतवाल्यांनी त्या उत्सवावर बहिष्कार पुकारला. आमच्या गावात उत्सव झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर 1921मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स पुण्याला आला आणि शिवस्मारकाची कोनशिला बसवून गेला. मराठा शिपायांनी लढाईत गाजवलेल्या पराक्रमाचं तेव्हा फार कौतुक चाललं होतं. 117व्या पलटणीला ‘रॉयल’ ही पदवी त्याच साली मिळाली. महार पलटण मात्र त्याच साली मोडून टाकण्यात आली. खाकी कोटवाल्याला पुन्हा नोकरीवर कुणी बोलावलं नाही. महार रेजिमेंट नव्यानं उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941ला, बेळगावात, सरकारला दुसऱ्या महायुद्धासाठी माणसं हवी झाली तेव्हा.