विस्तवाचे नियम, विस्तवाला पर्याय

परसातली शेकोटी किंवा पालापाचोळ्याचा जाळ यांनाही कायदा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जागा आपली, कचरा आपला आणि काडीही आपलीच, मग विचारणारे कोण? पण आपल्या ठाणे जिल्ह्यात उघड्यावरच्या विस्तवाचा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो सुरू झाला भाताच्या शेतात.

पावसाळ्यापूर्वी इथला शेतकरी राब भाजत असे. झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण रोपांच्या जागेवर पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवून द्यायचे. तण जळते, माती मोकळी होते, राखेचे खत मिळते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही राबाचे वर्णन आहे. पण १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलात आग पेटवायला मनाई केली आणि फांद्या तोडण्यावर बंधने आली. मग टहाळ आणायचा कोठून? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्या आयोगापुढचा एक मोठा वाद होता. सरकारला इमारती लाकडाची काळजी, शेतकऱ्याला रोपांची. राबाऐवजी काय करावे, हे मात्र बंदी घालणाऱ्याने सांगितले नव्हते.

शहरातल्या धुराकडे कायद्याने पाहिले ते भट्ट्यांच्या निमित्ताने. मुंबईसाठी १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला, तो भट्ट्यांच्या धुरासाठी. परसातला जाळ तसाच राहिला.

माझ्या लहानपणीच्या नौपाड्यात कौलारू घरे होती आणि त्यांना परस होते. सकाळी न्हाणीजवळ तांब्याचा बंब पेटे. झावळ्या, करवंट्या, ढलप्या, वाळलेली पाने, सारे त्याच्या पोटात जाई. कचरा हेच जळण होते. पुढे गॅस आला, गिझर आला, घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि बंब मोडीत निघाले. कोणी बंबबंदीचा हुकूम काढला नव्हता! अधिक सोयीची वस्तू हाती आली आणि जाळ आपोआप विझला.

झाडांचे पानगळणे मात्र थांबले नाही. बंब गेल्यावर पाने निव्वळ कचरा झाली. ती झाडून कोपऱ्यात ढीग करायचा, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्याही येणार, आणि काडी लावायची. हा धूर बंबाच्या धुराहून घातक. दमेकऱ्यांना तो लगेच जाणवतो.

कायदे झाले ते यानंतर. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने, ठरावीक क्षेत्रात इंधन नसलेल्या वस्तू जाळण्यास बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. २००० च्या घनकचरा नियमांत तर वाळलेल्या पानांचा नावानिशी उल्लेख होता: ती जाळू नयेत. अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली.

नियम योग्यच आहे. पण काडी कोणाच्या हातात असते? झाडलोट करणाऱ्याच्या, थंडीत रात्र काढणाऱ्या पहारेकऱ्याच्या. ढीग आपल्या सोसायटीचा असतो, पहाराही आपल्यासाठीच असतो. दंड मात्र त्या गरिबाला भरावा लागला, तर तो न्याय कसला? दिल्ली परिसरातील हवेच्या आराखड्यात याचा विचार झाला आहे. हवा फार बिघडली की पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे शेकोटी पेटणार नाही, असे तिथे रहिवासी संघांना सांगितले जाते.

राबाच्या वादाने आणि बंबाच्या मोडीने एकच गोष्ट शिकवली आहे. नुसत्या बंदीने विस्तव आडोशाला जातो, पर्याय मिळाला की तो विझतो. इमारतीच्या मागे पालापाचोळ्याचा एक खड्डा आणि पहारेकऱ्याला एक उबदार कांबळे, एवढे तर आपल्याला जमण्यासारखे आहे. पाने खड्ड्यात कुजली की झाडांना खत होते, आणि शेजारच्या आजोबांना रात्री खिडकी उघडी ठेवता येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)